विमानातला पुढचा वर्ग : जादा पैसे मोजावेत का?



लागण, खोडवा, खत आणि बेणे हे विषय सोडून आम्ही या वेळी विमानाच्या तिकिटावर लिहितो आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण कारण तसेच घडले आहे. ब्राझीलमधली ऊसशेती पाहण्यासाठी आपल्या कारखान्याच्या सभासदांचा एक अभ्यास दौरा न्यावा, अशी सूचना पुढे आली आहे. गटवार बैठकांत या दौऱ्याला कोणी विरोध केला नाही. वाद निघाला तो भलत्याच मुद्द्यावर. जाणाऱ्यांनी विमानात कुठे बसायचे? पुढे की मागे?

एका बैठकीत एक सभासद म्हणाले, "कारखान्याची माणसं परदेशी चालली म्हंजे ती पुढच्या वर्गातनंच गेली पाहिजेत. मागं कोंबून नेलं तर कारखान्याची शोभा काय राहिली?" त्यावर मागून दुसऱ्यांनी विचारले, "शोभा कुणाच्या पैशानं, तेवढं आधी सांगा की!" बैठकीत हशा पिकला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हा विषय वार्षिक सभेपर्यंत चर्चेसाठी खुला आहे. म्हणून त्याची दोन्ही अंगे सभासदांपुढे मांडावीत आणि आमचे मतही प्रांजळपणे सांगावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

वर्ग आले कुठून?

विमानात प्रथम असे वर्ग नव्हतेच. विमानाने जाणे हीच मुळी श्रीमंताची गोष्ट होती. एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा त्यात बसणारी माणसे बोटांवर मोजण्यासारखी होती. पुढे १९५२ साली अटलांटिक महासागरावरच्या मार्गावर स्वस्त 'टूरिस्ट' भाडे सुरू झाले आणि त्याच दशकाच्या अखेरीस आजचा साधा वर्ग, म्हणजे इकॉनॉमी, आला. १९७१ साली एअर इंडियाचे पहिले जंबो विमान आले. त्याच्या वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठी बैठकीची खोलीच केलेली होती. १९७० च्या दशकाच्या शेवटी शेवटी मधला बिझनेस वर्ग निघाला. कंपनीच्या कामासाठी पूर्ण भाडे भरून जाणारे लोक तक्रार करू लागले होते, की आम्ही पूर्ण पैसे देतो आणि आमच्या शेजारी सवलतीच्या तिकिटाचा माणूस बसतो, मग आमच्या पैशाचा उपयोग काय? त्यांच्यासाठी हा वर्ग.

नंतर २००० साली ब्रिटिश एअरवेजने बिझनेस वर्गातच पूर्ण सपाट होणारी, पलंगासारखी आसने बसवली. त्यानंतर इतर कंपन्यांनाही तेच करावे लागले. याचा परिणाम असा झाला, की बिझनेस आणि पहिला वर्ग यांतले अंतर कमी होत गेले. अमेरिकेच्या डेल्टा, युनायटेड यांसारख्या कंपन्यांनी लांबच्या प्रवासातला स्वतंत्र पहिला वर्ग ठेवलाच नाही. एमिरेट्स, सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्सा अशा काही कंपन्यांनी तो राखला आहे. एमिरेट्सच्या ए-३८० या दुमजली विमानात तर पहिल्या वर्गाच्या उतारूला आंघोळीची सोय आहे. तिथे पाणी मिळते पाच मिनिटे. म्हणजे आकाशातसुद्धा पाणी मोजूनच! आपल्याकडे ठिबकाला नाके मुरडणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

पैशाला काय मिळते, काय मिळत नाही

जे मिळते ते नाकारण्यात अर्थ नाही. साध्या वर्गात एका रांगेपासून दुसऱ्या रांगेचे अंतर लांबच्या विमानात साधारण ३१-३२ इंच असते. देशांतर्गत विमानात ते त्याहूनही कमी. बिझनेस आणि पहिल्या वर्गात माणूस पाय लांब करून आडवा होतो. रात्रीच्या चौदा-पंधरा तासांच्या प्रवासात आडवे होणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा बसून रात्र काढली त्याला वेगळे सांगायला नको. शिवाय जेवण चांगले, विमानतळावर बसायला वेगळी खोली, रांग कमी, सामान जास्त नेता येते. या सोयी खऱ्याच आहेत. त्यांना कमी लेखून आम्हाला आमचा मुद्दा मोठा करायचा नाही.

आता काय मिळत नाही ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. विमान एकच, चाके एकाच वेळी टेकतात. पुढचा माणूस दहा-पंधरा मिनिटे आधी बाहेर पडेल, आणि सामानाच्या पट्ट्यापाशी पुन्हा सगळ्यांची गाठ पडेल. एके काळी जादा पैशाने खरोखर वेळ विकत मिळत असे. १९७६ ते २००३ या काळात काँकॉर्ड नावाचे विमान उतारूंना घेऊन उडत होते. ते लंडनहून न्यूयॉर्कला सुमारे साडेतीन तासांत पोचत असे, जिथे साध्या जेटला सात-आठ तास लागत. त्याची आसने अरुंद होती, तरी लोक पहिल्या वर्गापेक्षा जास्त पैसे मोजत, कारण त्यात निम्मा वेळ वाचत होता. ते विमान बंद झाले. आज पुढच्या वर्गाचे पैसे मोजून आराम मिळतो, वेळ मिळत नाही.

दुसरी गोष्ट हवा. उडत्या विमानाच्या आतला हवेचा दाब सर्वांना सारखाच असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवर बसल्यासारखा. आपले कळसूबाईचे शिखर ५४०० फुटांचे. म्हणजे पुढचा काय आणि मागचा काय, दोघेही कळसूबाईच्या वर बसलेले असतात. हवा कोरडी, घसा सुकतो, कान दडे बसतात, हे सर्वांना सारखे. तिसरी गोष्ट घड्याळ. साव पावलोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. शरीराला त्या वेळेची सवय व्हायला दोन-चार दिवस लागतातच, तिकीट कोणतेही असो. आणि ब्राझीलहून परत येताना पीतज्वराच्या लसीचा दाखला आपल्याकडे दाखवावा लागतो. तो नसेल तर पहिल्या वर्गातल्या उतारूलाही वेगळे ठेवतात. ही लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. जाणाऱ्यांनी हे आत्ताच लिहून ठेवावे.

हिशेब टनात मांडून पाहू

विमानाचे भाडे रोज बदलते, म्हणून नेमका आकडा सांगण्यात अर्थ नाही. आपण उदाहरणासाठी सोपे आकडे धरू. समजा, मुंबईहून दुबईमार्गे साव पावलोला जाऊन येण्याचे साधे तिकीट १ लाख २० हजार रुपये आणि बिझनेसचे ४ लाख २० हजार. फरक ३ लाखांचा. पहिल्या वर्गाचे भाडे याच्याही बरेच वर.

जाता-येता मिळून हवेतले तास सुमारे ३५. तीन लाखांना पस्तिसाने भागले, तर तासाला साडेआठ हजार रुपये पडले. यातले निम्मे तास तरी माणूस जागाच असतो. म्हणजे झोपेच्या तासाचा खरा भाव याच्या दुप्पट धरायला हरकत नाही.

आता हेच आपल्या भाषेत बोलू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये आहे. तीन लाख रुपये म्हणजे सुमारे ८५ टन ऊस. तोडणी-वाहतूक वजा केली तर त्याहून जास्तच. एकरी ४० टन पिकवणाऱ्या सभासदाच्या दोन एकरांवरचा सगळा ऊस एका माणसाच्या आडवे होण्यात गेला! बारा जणांचा दौरा धरला तर फरक ३६ लाखांचा, म्हणजे हजार टनांहून जास्त उसाचा.

त्यात कर वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या वर्गाच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आणि वरच्या वर्गांवर १८ टक्के आहे. आधी वरचा दर १२ टक्के होता. वरची भाडी कराशिवायची धरली, तर एका तिकिटावर कर ६ हजार आणि दुसऱ्यावर ७५ हजार ६०० रुपये. त्यातली किती वजावट मिळेल ते आपले हिशेबनीस पाहतील. पण सरकारनेही हा खर्च चैनीच्या बाजूला टाकला आहे, एवढे त्यातून दिसते.

यापेक्षाही महत्त्वाचा हिशेब दुसरा आहे. बारा जणांना बिझनेस वर्गाने नेण्यास आपल्या उदाहरणात ५० लाख ४० हजार रुपये लागतात. तेवढ्याच पैशात साध्या वर्गाची ४२ तिकिटे येतात. तिथे राहण्या-जेवण्याचा खर्च वाढेल, हे खरे. म्हणून ४२ सोडा, निदान १८-२० माणसे तरी सहज जाऊन येतील आणि वर पैसे उरतील. दौऱ्याचा उपयोग किती लोकांनी डोळ्यांनी पाहिले यावर ठरतो. ते विमानात कसे झोपले यावर ठरत नाही. आमच्या खात्याचा अनुभव असा, की आम्ही शंभर वेळा सांगितलेली गोष्ट सभासद ऐकून घेतो आणि सोडून देतो. पण त्याच्या बांधाशेजारच्याने ती केलेली पाहिली, की दुसऱ्या वर्षी तोच विचारायला येतो. पाच फुटी सरी, एक डोळा पद्धत, पाचट न जाळता कुजवणे, या सर्व गोष्टी आपल्याकडे अशाच पसरल्या. म्हणून प्रत्येक गटातून एक तरी डोळस शेतकरी त्या दौऱ्यात असला पाहिजे.

तिथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पिरासिकाबाचे कृषि महाविद्यालय १९०१ पासूनचे. कँपिनासची कृषि संशोधन संस्था १८८७ ची. १९७५ साली त्यांनी उसापासून अल्कोहोल इंधनाचा कार्यक्रम हाती घेतला. साव पावलो राज्याने ऊस जाळून तोडणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा २००२ साली केला, आणि यंत्राने हिरवा ऊस तोडण्याकडे शेतकरी वळले. पाचट रानातच राहते, त्याचे ते काय करतात, यंत्राच्या चाकाखाली खोडवा दबू नये म्हणून सरी किती रुंद ठेवतात, ट्रेमधली रोपे कशी करतात, हे आपल्या लोकांनी वाकून, मातीत हात घालून पाहायला हवे. त्यांचा हंगाम साधारण एप्रिल ते नोव्हेंबर. म्हणजे आपला गाळप हंगाम संपला की त्यांचा भर चालू असतो. वेळही जुळून येते.

"दमलेला माणूस काय बघणार?"

पुढच्या वर्गाच्या बाजूने सर्वात वजनदार मुद्दा हा आहे, आणि तो आम्हाला मान्य आहे. रात्रभर बसून आलेला, पाय सुजलेला माणूस सकाळी शेतात उभा केला तर तो बिचारा जांभया देईल. पण याला उपाय तीन लाखांचाच आहे का? एक दिवस आधी निघा. पोचल्यावर पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवा. हॉटेलची एक जादा रात्र माणशी दहा हजार रुपये धरली, तरी बारा जणांची १ लाख २० हजार होते. एकीकडे ३६ लाख आणि दुसरीकडे सव्वा लाख! शिवाय घड्याळाचा जो साडेआठ तासांचा फरक आहे, त्यालाही हा विश्रांतीचा दिवस उपयोगी पडतो. विमानातल्या पलंगाने तो फरक भरून निघत नाही.

ज्याला उतरल्या उतरल्या दोन तासांत शस्त्रक्रिया करायची आहे किंवा कोट्यवधींच्या करारावर बोलणी करायची आहेत, त्याचा हिशेब वेगळा. त्याचा एक दिवस तीन लाखांहून महाग असू शकतो. त्याने खुशाल पुढे बसावे. आपल्या दौऱ्याला असली घाई नाही. ऊस एक दिवसाने कुठे पळून जात नाही.

आणि दिल्लीचे म्हणाल, तर पुण्याहून दिल्ली दोन-सव्वादोन तासांची वाट आहे. एसटीने आपला माणूस याहून जास्त वेळ उभ्याने जातो. एवढ्या वेळासाठी वरच्या वर्गाचे तिकीट काढण्याचे कारण आम्हाला तरी सापडत नाही.

पहिला रुपया आणि शेवटचा रुपया

आम्ही शेतीखात्यातली माणसे, म्हणून खताचा दाखला देतो. सुरू उसाला नत्र, स्फुरद, पालाश यांची शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ किलोची आहे. ज्या रानाला काहीच मिळाले नाही तिथे पहिले पोते टाकले, की ऊस बोलायला लागतो. शिफारशीपर्यंत प्रत्येक पोत्याचे उत्पन्न दिसते. त्यापुढे मात्र युरिया ओतत राहिलात, तर पाला हिरवागार होतो, ऊस लोळतो आणि उतारा घसरतो. पोत्याची किंमत तीच, पण शेवटच्या पोत्याने दिले काय?

विमानाच्या तिकिटाचेही असेच आहे. साध्या वर्गात पाय हलवण्याच्या कडेची जागा मागून घेतली तर चार पैसे जास्त लागतात, पण सुख पुष्कळ मिळते. त्याच्या वर प्रीमियम इकॉनॉमी नावाचा वर्ग काही कंपन्यांत असतो. रांगांतले अंतर ३८ इंचांच्या आसपास, भाडे बिझनेसपेक्षा बरेच कमी. तिथेही पैशाचे काही तरी पदरात पडते. बिझनेसमध्ये आडवे होता येते, पण दाम तिप्पट-चौपट. आणि पहिल्या वर्गात? आडवा झालेला माणूस आणखी आडवा होऊ शकत नाही. झोप तीच, फक्त भोवती दार, जास्त रुंद गादी आणि भारी ताटवाट्या. हे शेवटचे पोते. ते टाकून उतारा वाढत नाही.

मान-अपमानाची गोष्ट

आता शोभेचा मुद्दा. हा मुद्दा आम्ही हलका मानत नाही. "शेतकऱ्यानं काय जन्मभर मागंच बसायचं?" या प्रश्नात पिढ्यान् पिढ्यांचे दुखणे आहे. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्ग स्टेशनावर गांधीजींना डब्याबाहेर काढले, तेव्हा त्यांच्या खिशात पहिल्या वर्गाचे तिकीट होते. तिथे प्रश्न हक्काचा होता, म्हणून ते अडून राहिले. पण तोच माणूस पुढे हिंदुस्थानात येऊन आपणहून तिसऱ्या वर्गाने फिरला. हक्क असणे ही एक गोष्ट आणि तो कुणाच्या पैशाने भोगायचा हे ठरवणे ही दुसरी. दोन्ही कळणाऱ्या माणसाचा मान डब्याच्या पाटीवर अवलंबून राहत नाही.

२००९ साली केंद्र सरकारने काटकसरीसाठी मंत्र्यांना साध्या वर्गाने जायला सांगितले. तेव्हा एका राज्यमंत्र्यांनी त्या वर्गाला 'कॅटल क्लास', म्हणजे गुरांचा वर्ग, म्हटले आणि देशभर गदारोळ झाला. त्यांनी नंतर दिलगिरीही व्यक्त केली. आपल्याला त्या शब्दाचा राग येण्याचे कारण नाही. गुरे ही आपली लक्ष्मी आहे. उलट आपल्याकडचा शहाणा शेतकरी बैलाला गोठ्यात बसाय-उठायला ऐसपैस जागा ठेवतो. विमान कंपनीने त्याच्याकडून चार गोष्टी शिकाव्यात, एवढेच म्हणता येईल!

शोभेबद्दल बोलताना एक चित्र आम्हाला डोळ्यांआड करता येत नाही. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर बीड, पाथर्डीकडून तोडणीवाले येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, भांडीकुंडी, वर लेकरे, त्यावर म्हातारी. रात्रभराचा प्रवास करून सकाळी ती माणसे कोयता हातात घेतात. त्यांनी तोडलेल्या मोळीवर आपला काटा चालतो आणि त्या काट्यावरच दौऱ्याचे पैसे उभे राहणार आहेत. त्यांच्या प्रवासाला साधे ताडपत्रीचे छप्पर नसताना आपण विमानात पुढची गादी मागावी, यात शोभा आहे असे आम्हाला वाटत नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा सभासदांनी पै-पैसा जोडून भागभांडवल दिले. सहकाराची शोभा त्या पै-पैशाचा चोख हिशेब देण्यात आहे. आणखी एक. ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे हा कायदा आहे. ज्या कारखान्याची सभासदांची देणी थकलेली असतील, त्याने तर पुढच्या वर्गाचे नावही काढू नये.

स्वतःचा पैसा असेल तर

इथवर जे लिहिले ते संस्थेच्या पैशाबद्दल. सभासदाच्या स्वतःच्या पैशाचा प्रश्न निराळा आहे. एखाद्या सभासदाने घाम गाळून एकरी शंभर टन काढला, पोराबाळांची शिक्षणे केली, कर्ज फेडले आणि जन्मात एकदा कारभारणीला घेऊन पहिल्या वर्गाने विलायतेला निघाला, तर आम्ही त्याला हार घालायला विमानतळावर जाऊ. हौसेला मोल नाही. मात्र ऋण काढून सण करू नये. पीककर्जाच्या पैशाने गादीवर झोपणाऱ्याला उतरल्यावर झोप लागत नाही.

आपल्या कित्येक सभासदांची मुले आज अमेरिकेत, दुबईत, युरोपात आहेत. ती आईबापांना बोलावतात. "आबा, आईचे गुडघे दुखतात, बिझनेसचं तिकीट काढू का?" असा फोन येतो आणि आबा आमच्याकडे विचारायला येतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली : जादा पैसा घालायचाच असेल तर तो आधी थेट विमानावर घाला. ज्या म्हाताऱ्या माणसांना इंग्रजी येत नाही, त्यांना अरुंद आसनाचा त्रास होतो तो थोडा. परक्या विमानतळावर विमान बदलण्याची धास्ती असते ती मोठी. दोनदा विमान बदलून पुढच्या वर्गात बसण्यापेक्षा एकदाच थेट जाऊन मागे बसणे पुष्कळ बरे.

दुसरी : चालता येत नसेल तर चाकाच्या खुर्चीची आणि मदतनिसाची सोय तिकीट काढतानाच मागून ठेवा. गरजू उतारूला ती मिळते, त्यासाठी वरचा वर्ग लागत नाही. मधुमेही किंवा शाकाहारी जेवणही बहुतेक मोठ्या कंपन्यांत आधी कळवले तर मिळते.

तिसरी : पायात रक्त गोठण्याची भीती अनेकांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार तासांहून लांबच्या प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो असे आढळले. पण निरोगी माणसात तो मुळातच थोडा, सुमारे सहा हजारांत एक. मुख्य कारण न हलता बसून राहणे हे आहे. म्हणून मोटारीत, एसटीत आणि आगगाडीतही तो असतो, आणि पुढच्या वर्गात गाढ बसून राहणारालाही तो चुकत नाही. कडेची जागा घ्या, तासा-दीड तासाने उठून चार पावले चाला, पाणी प्या. आधी असा त्रास झालेला असेल, नुकती शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा.

चौथी : मणक्याचा किंवा गुडघ्याचा खरोखरचा विकार असेल, वय झाले असेल आणि मुलाला परवडत असेल, तर रात्रीच्या लांब प्रवासापुरते बिझनेसचे तिकीट घेण्यात काहीही वावगे नाही. तिथे पैसा शोभेसाठी जात नाही, शरीरासाठी जातो. जाताना रात्रीचे आणि येताना दिवसाचे विमान असेल, तर एकाच बाजूचे वरचे तिकीट काढावे. काही कंपन्या उड्डाणाआधी रिकाम्या जागांसाठी कमी पैशात बोली लावू देतात, तेही पाहावे. पहिल्या वर्गाची मात्र दुखण्यालाही गरज नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत अशी म्हण आहे. इथे अंथरूण बिझनेसमध्येच पुरेसे लांब आहे.

आमच्या सूचना

वार्षिक सभेपुढे विचारासाठी आम्ही पुढील गोष्टी ठेवतो. दौऱ्यातील सर्वांनी, मग ते संचालक असोत, अधिकारी असोत की शेतकरी, साध्या वर्गाने जावे. यात आमचे खातेही आले. कोणाला वैद्यकीय कारणाने वरचा वर्ग हवा असेल तर डॉक्टरांचा दाखला सभेच्या कागदपत्रांत लावावा. ज्याला हौस असेल त्याने फरकाची रक्कम आपल्या खिशातून आगाऊ भरावी, त्याला कोणी नाव ठेवू नये. वाचलेल्या पैशातून जाणाऱ्यांची संख्या वाढवावी, त्यात निम्म्याहून जास्त जागा पाच एकरांच्या आतल्या ऊस उत्पादकांना ठेवाव्यात आणि ऊसशेती करणाऱ्या भगिनींनाही त्यात घ्यावे. पहिला दिवस विश्रांतीचा धरावा. आणि परत आलेल्या प्रत्येकाने आपल्या गटात एक एकरावर, जे पाहिले त्यातली एक तरी गोष्ट करून दाखवावी. ती पाहायला आम्ही मोटारसायकलवरून येऊ, त्याचे भाडे कोणी मागणार नाही.

याहून वेगळे मत असणारे सभासद आहेत, हे आम्ही जाणतो. त्यांनी ते या अंकाकडे जरूर लिहून पाठवावे किंवा सभेत उभे राहून सांगावे. लाजू नये. विमानातला वर्ग कोणताही ठरो, तो सभासदांच्या संमतीने आणि उघड हिशेबाने ठरावा, एवढाच आमचा आग्रह आहे. काट्यावर प्रत्येक टन जसा आपण डोळ्यांदेखत मोजून घेतो, तसाच तो टन कुठे खर्च झाला हेही डोळ्यांदेखत मोजून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.



— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग